मोठ्यात नेलं

६ जानेवारी

रंगाच्या कंपनीत होतो तेव्हा रोज संध्याकाळी साहेबाला दिवसभराचा अहवाल लिहून द्यावा लागे. नोकरी सोडली, साहेब सुटला, सवय काही सुटली नाही. म्हणून ही डायरी. इथे खरं लिहायला हरकत नाही, वाचणारा कोणी नाही.

धाकट्या भावाचा दवाखाना सुरू होऊन महिना होत आला. आमच्याच घराचा तळमजला. दोन खाटा, ऑक्सिजन, वाफ द्यायचं मशीन, ईसीजी, टाके घालायची छोटी खोली. बाहेर लाल अक्षरांत पाटी लावली आहे: तातडीची सेवा. धाकटा डॉक्टर, त्याच्या मदतीला एक सिस्टर, आणि पुढच्या टेबलाशी मी. नोकरी मी याच्यासाठीच सोडली. धाकट्याला औषधं कळतात, माणसं कळत नाहीत. गिऱ्हाईक दुकानात कसं शिरतं हे मला कोणी शिकवू नये, त्यातच माझे केस गेले.

पण गिऱ्हाईक शिरत नाही. आज समोरच्या बेकरीतल्या कारागिराचा हात भट्टीत भाजला. ओला फडका गुंडाळून तो बाहेर आला, मी खुर्चीवरून अर्धा उठलोसुद्धा. तर मालकाच्या स्कूटरवर मागे बसला आणि आमच्या दारावरून गेला, पुलापलीकडच्या मोठ्या हॉस्पिटलात. जाताना त्याने पाटीकडे बघितलं. मला ते बघणं फार लागलं. धाकटा आतून म्हणाला, "जाऊ दे दादा. हात त्याचा आहे." असं बोलून धंदा होत नाही.

९ जानेवारी

इथे त्या हॉस्पिटलला कोणी नावाने ओळखत नाही. नुसतं 'मोठं' म्हणतात. कोणाला काही झालं की शेजारीपाजारी एवढंच विचारतात, मोठ्यात नेलं का? नेलं म्हटलं की सगळे सुस्कारा सोडतात, जसा काही रोगी बराच झाला.

आईला मात्र या सगळ्याची काळजी नाही. तिची खोली दवाखान्याच्या बरोबर वर येते. खालची खुर्ची सरकली की तिला वर कळतं. संध्याकाळी मी वर गेलो की तीच मला अहवाल देते: "आज दोनदाच सरकली रे खुर्ची." चहा झाला की ती काठी फरशीवर आपटते आणि धाकटा खालून वर येतो. मी किती वेळा म्हटलं, आई, फोन करत जा, खाली रोगी बसलेले असतात. म्हणते, "रोगी कुठे बसलेत? आणि फोन लागेपर्यंत तो येऊन चहा पिऊन जातो."

काल मी बाहेर असताना तिला दम्याची धाप लागली होती म्हणे. काठी आपटली, धाकटा धावत वर आला, हाताला धरून तिला खाली नेलं, खाटेवर बसवून वाफ दिली, ऑक्सिजन लावला. संध्याकाळी मी आलो तर ती मजेत भाजी निवडत होती. म्हटलं, आता तुला मोठ्यात एकदा दाखवून आणतो, हे असं खाली-वर करून भागायचं नाही. तर म्हणाली, "मला हाच बरा. याला माझा श्वास पाठ आहे."

आईच ती, पोराचं कौतुक करणारच. त्याला गिऱ्हाईकाचं मत म्हणत नाहीत.

१७ जानेवारी

लेक शाळेतून येताना दारासमोरच आपटली आणि हनुवटी फाटली. बायको तिला कडेवर घेऊन सरळ दवाखान्यात शिरत होती, मीच अडवलं आणि गाडी काढली. मुलीची जात, चेहऱ्याचा मामला, आयुष्यभराची खूण राहते. मोठ्यात टाके नाजूक घालतात. धाकटा हातमोजे घालून दारात उभा होता. मी म्हटलं, तुझं म्हणून नाही रे, पण चेहरा आहे. त्याने हातमोजे काढले. त्यालाही पटलं असावं.

तिथे बराच वेळ बाकावर बसवून ठेवलं. शेवटी टाके घातले ते एका शिकाऊ मुलीने, तिचेच हात थरथरत होते. पण जागा मोठी, समाधान वाटतं.

परत येताना बायको खिडकीबाहेर बघत बसली होती. म्हणाली, "बेकरीवाला, इस्त्रीवाला, सगळे दारात येऊन बघत होते आपण निघालो तेव्हा."

म्हटलं, बघणारच. पोरीला लागलंय, माणुसकी आहे लोकांना.

"तेच म्हणते मी," ती म्हणाली.

२ फेब्रुवारी

हातावर हात ठेवून बसणाऱ्यातला मी नाही. रंग खपेना तेव्हा आम्ही घरोघर जाऊन विचारायचो, दुसऱ्याचा डबा का घेतला? तसंच सुरू केलं आहे. जो आमच्या दारावरून मोठ्यात गेला त्याला गाठायचं, तब्येत विचारायची, आणि गप्पांत मुद्द्याला हात घालायचा.

काय एकेक उत्तरं. एक म्हणाला, तिथे गाडी लावायला जागा आहे. (तो चालत गेला होता.) एकीच्या नणंदेची जाऊ तिथे बरी झाली होती, कशातून ते तिला माहीत नाही. बेकरीवाला म्हणाला, तुमच्याकडे गर्दी नसते हो. अरे बाबा, तू आलास तर होईल ना गर्दी!

खरं बोलले ते एकटे शेजारचे मास्तर. त्यांच्या बायकोचं न्हाणीत घसरून मनगट मोडलं, ते तिला टॅक्सीत घालून पुलापलीकडे घेऊन गेले. वास्तविक आमच्या त्यांच्यामध्ये एक भिंत. मी जरा रागानेच विचारलं. मास्तर चष्मा पुसत म्हणाले, "तुमच्या भावावर भरवसा नाही असं समजू नका. मुलगा गुणी आहे. पण समजा, काही कमीजास्त झालं असतं, तर माझा मेहुणा जन्मभर म्हणाला असता, घराखालच्या दवाखान्यात नेलंत, मोठ्यात का नाही नेलंत? मोठ्यात काही झालं तर कोणी विचारत नाही. तिथे नेलं म्हणजे आपलं कर्तव्य झालं."

घरी येऊन हे तसंच्या तसं उतरवून ठेवतो आहे, कारण यात सगळं आलं. कुठे जायचं ते रोगी ठरवतच नाही. सोबतचा ठरवतो. आणि तोही रोग्याकडे बघून ठरवत नाही, उद्या भेटायला येणारी माणसं काय म्हणतील ते बघून ठरवतो. रोगी वाचला पाहिजे हे दुसरं, आपल्याला कोणी नाव ठेवता कामा नये हे पहिलं. भित्री जमात. धाकट्याला वाचून दाखवलं तर तो म्हणाला, "भित्री कसली दादा? घाबरलेली असतात."

मला यात फरक दिसत नाही.

१४ फेब्रुवारी

आज धाकट्याशी कडाक्याचं वाजलं. छातीत दुखतं म्हणून एक म्हातारा आपणहोऊन आला, सोबत दोन मुलगे, सून, अख्खं कुटुंब. म्हटलं, देव पावला. धाकट्याने ईसीजी काढला, जिभेखाली गोळी दिली, ऑक्सिजन लावला, आणि स्वतः फोन करून ॲम्ब्युलन्स बोलावली. मोठ्यात पाठवून दिलं! पाटीखालून, सगळ्या रस्त्यादेखत, भोंगा वाजवत.

मी म्हटलं, दुकानात आलेल्या माणसाला हा रंग पलीकडच्या दुकानात चांगला मिळेल असं कोणी सांगतं का?

"त्याची रक्तवाहिनी बंद होती. ती उघडायची सोय माझ्याकडे नाही. इथे होतं ते इथे, नाही होत ते तिथे. कशाला कुठे जायचं हे सांगण्यासाठीच तर मी बसलोय."

"मग लोकांनी काय समजायचं?"

"हेच, की मी खोटं बोलत नाही."

म्हातारा वाचला. ही बातमी बेकरीत पोचली ती अशी: मोठ्यात नेलं म्हणून वाचला. खालच्या दवाखान्यात उगाच वेळ गेला. मी कपाळाला हात लावला. वर आईला सांगायला गेलो तर तिला आधीच सगळं माहीत, फरशीतून ऐकलं होतं. म्हणाली, "त्याचा आवाज जराही चढला नाही हं शेवटपर्यंत." तिला तेवढंच दिसतं.

२८ फेब्रुवारी

चार दिवस घशाशी जळजळतंय. आज पुलापलीकडच्या जुन्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. धाकट्याला बोललो नाही, त्याला उगाच काळजी. बायकोला मात्र खिशात औषध सापडलं. ती म्हणाली, "मी गिऱ्हाईक असते ना, तर पाटी वाचलीच नसती. पाटी लावणारा स्वतः कुठे जातो तेवढं बघितलं असतं."

तिला धंद्यातलं काही कळत नाही. पित्त आहे, तातडीचं थोडंच आहे.

१६ मार्च

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलो, कारण लिहिण्यासारखं चांगलं घडतं आहे. खुर्ची सरकू लागली. इस्त्रीवाल्याच्या पोराला झटका आला तेव्हा तो पोराला उचलून धावतच आत आला, मोठं-लहान बघायला त्याला वेळच नव्हता. धाकट्याने बघता बघता पोर शांत केलं. तेव्हापासून त्या गल्लीतली माणसं येतात. मास्तरसुद्धा ताप घेऊन येऊन गेले, जरा ओशाळलेलेच होते. आई वरून मोजत असते आणि रोज चढता आकडा सांगते. मला वाटतं, माझ्या घरोघर फिरण्याचा हा परिणाम.

२६ मार्च

आई गेली. परवा दुपारी.

झालं तसं लिहून ठेवतो, नाहीतर उद्या माझं मलाच वेगळं आठवेल.

जेवून वर आडवा झालो होतो. बायको लेकीला आणायला शाळेत गेली होती. आईच्या खोलीतून घरघर ऐकू आली म्हणून धावलो. ती पलंगाच्या कडेला पुढे वाकून बसली होती. ओठ निळसर, मानेच्या शिरा ताठ, दम्याचा फवारा हातातून खाली पडलेला. दुसऱ्या हाताने काठी चाचपत होती. काठी हाताला लागली तशी ती उचलायला लागली. मी काढून घेतली. म्हटलं, आई, तुला चालायचं नाहीये, मी उचलून नेतो. तेव्हा तिने बोट खाली केलं. पुन्हा पुन्हा खाली. बोलता येत नव्हतं. चपला पलंगाखाली होत्या, त्या काढून मी तिच्या पायांत घातल्या. तरी बोट खालीच. म्हटलं, घातल्या गं आई, घातल्या. अनवाणी कधी उंबरा ओलांडला नाही तिने, त्या अवस्थेतही विसरली नाही.

मागच्या जिन्याने उतरलो, गाडी मागेच असते. धाकट्याला हाक मारायचं मनात आलं नाही असं नाही. जिन्यात क्षणभर थांबलोही. आतून त्याचा आवाज येत होता, सिस्टरशी काहीतरी हसून बोलत होता. म्हणजे रोगी नव्हता कोणी. पण ही आई आहे, बेकरीतल्या कारागिराचा हात नाही. तिला काही कमीजास्त झालं असतं तर त्याच्याच खाटेवर, त्याच्याच हातून. दवाखाना त्याच दिवशी बंद पडला असता आणि तो जन्मभर ते उरावर घेऊन फिरला असता. मी थोरला आहे. एवढा विचार मला करावाच लागतो.

पुलावर गाड्या तुंबल्या होत्या. तिथून त्याला फोन केला. तो म्हणाला, "मागे फिर, दादा. आत्ताच्या आत्ता फिर. इथे सगळं आहे." म्हटलं, पुलाच्या मध्यावर कसा फिरू? आलंच आता मोठं. त्याने फोन ठेवला.

हॉस्पिटलच्या फाटकाशी पोचलो तेव्हा तो मागून आला. सिस्टरच्या स्कूटरवर मागे बसून, ऑक्सिजनची छोटी टाकी मांडीवर घेऊन, गाड्यांच्या फटीफटीतून आला होता. गाडीचं दार उघडून आत शिरला, तिला मास्क लावला आणि छाती दाबत राहिला. आतून माणसं आली. त्यांतला एक वॉर्डबॉय त्याला खांद्याला धरून म्हणाला, "बाजूला व्हा. डॉक्टरांना काम करू द्या."

तो बाजूला झाला. टाकी हातात तशीच.

३० मार्च

माणसं भेटायला येताहेत. येणारा प्रत्येक जण विचारतो, कुठे नेलं होतं? मी सांगतो. मग तो मान हलवतो आणि म्हणतो, मोठ्यात नेलं होतं ना, मग आणखी काय करणार माणूस. बेकरीवाला हेच म्हणाला. मास्तर माझा हात हातात धरून म्हणाले, "तुम्ही काही कमी केलं नाहीत." मला रडू आलं. कोणी एका शब्दाने नाव ठेवलं नाही.

धाकटा सगळ्यांना पाणी देत होता. त्याला कोणी काही विचारत नाही. फक्त इस्त्रीवाला जाताना त्याच्यापाशी थांबला, काहीतरी बोलायचं होतं त्याला, पण मग तसाच गेला.

दुपारी मास्तरांना मी चपलांचं सांगितलं. ती बोट खाली दाखवत होती, मी चपला घातल्या, तरी दाखवतच होती. मास्तरही गहिवरले, म्हणाले, "जुनी माणसं, शेवटपर्यंत नीटनेटकी." धाकटा भिंतीशी बसला होता. तो उठला आणि आत गेला.

नंतर स्वयंपाकघरात गाठलं त्याला. नळ सोडून उभा होता, हात धूत नव्हता, काही नाही. मी विचारलं, काय झालं?

"काठी कुठे होती तिची?"

"होती ना हातात. मीच काढून घेतली. का?"

तो माझ्याकडे बघत राहिला. लहानपणी माझ्या हातून त्याचं काही मोडलं की असाच बघायचा.

"दादा, ती चपला नव्हती मागत."

"मग काय मागत होती?"

त्याने नळ बंद केला. "जाऊ दे," म्हणाला. बायको दारात उभी होती. तिने तोंडाला पदर लावला आणि ती वळून गेली.

१० एप्रिल

दवाखाना बंद. धाकट्याने नोकरी धरली, तीही मोठ्यातच, तातडीच्या विभागात. तिथल्याच कोणी डॉक्टरने त्याला त्या दिवशी फाटकाशी पाहिलं होतं, त्याने बोलावून घेतलं. राहायलाही तो तिकडेच जाणार आहे, पुलापलीकडे. माझ्याशी तो भांडला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं, मला उत्तर देता आलं असतं. माझ्याकडे उत्तर तयार आहे. मी त्याच्यासाठीच केलं.

बातमी रस्ताभर झाली. मास्तर मुद्दाम घरी आले. म्हणाले, "फार उत्तम झालं. आता आपलं माणूस मोठ्यात आहे म्हणजे आम्हाला काळजीच नको. काही झालं की सरळ त्यांच्याकडेच जाऊ." बेकरीवाल्याने तर त्याची ड्यूटी कधी असते तेही विचारून घेतलं. म्हणाला, असा डॉक्टर मिळायला नशीब लागतं.

एवढे दिवस हा डॉक्टर त्यांच्या नाकासमोर बसला होता. मला त्यांच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं. मी म्हटलं, हो, नशीबच.

१५ एप्रिल

आज टेम्पो आला. खाटा गेल्या, मशीन गेलं, शेवटी खुर्च्या उचलल्या. मी आईच्या खोलीत होतो. खरंच सगळं वर ऐकू येतं, सुई पडली तरी कळावी असं.

धाकटा निघताना वर आला होता. आईच्या पलंगाकडे बघून म्हणाला, "येतो, दादा." मी म्हटलं, येत जा. इतकंच.

टेम्पो गेल्यावर बायकोला म्हटलं, जरा खाली जाऊन उभी राहा, त्याची खुर्ची असायची तिथे. का म्हणून तिने विचारलं नाही. ती गेली. मी काठी घेतली आणि फरशीवर आपटली, आई आपटायची तशी, हलकेच. तिच्या अंगात फारसा जोर नव्हता, म्हणून मीही जोर लावला नाही.

ती वर आली. दारातच उभी राहिली.

"येतं ऐकू?" मी विचारलं.

"स्वच्छ येतं," ती म्हणाली.

काठी होती तिथे ठेवली, पलंगाच्या उशाशी, हात पोचेल अशी.